मूठ, चाडे आणि ट्रॅक्टर : पेरणीच्या शब्दांचा एक तौलनिक विचार

मृगाचा पाऊस झाला की शेतकऱ्यांनी चाड्यावर मूठ धरल्याच्या वार्ता मराठी वृत्तपत्रांतून येऊ लागतात. या वाक्प्रचाराचा अर्थ पेरणीस आरंभ झाला एवढाच घेतला जातो. परंतु ज्या शिवारात ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने पेरणी होते, तेथे चाडेही नसते आणि मूठही नसते. वस्तू गेली आणि शब्द उरला, अशी ही अवस्था आहे. तिचे स्वरूप कळण्यासाठी प्रथम अवजाराची रचना पाहावयास हवी.

तिफण म्हणजे तीन फणांची पाभर. आडव्या लाकडी दिंडात तीन फण बसविलेले असतात. प्रत्येक फणामागे एक पोकळ नळी उतरते आणि या नळ्या वर चाडे नावाच्या लाकडी वाडग्यात एकत्र येतात. एकाने बैल हाकावयाचे आणि दुसऱ्याने, बहुधा घरातील स्त्रीने, मागून चालत ओटीतले बियाणे मुठीने चाड्यात सोडावयाचे, अशी ही पद्धत आहे. तिन्ही छिद्रांत बी सारखे पडावे म्हणून मनगट सतत फिरते ठेवावे लागते. पीक दाट उगवणार की विरळ, हे मुठीच्या सैलपणावर ठरते. अवजारात मापाचे साधन नाही. माप हातात आहे.

हे अवजार जुने आहे. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने 1701 च्या सुमारास पेरणीयंत्र तयार केले. त्याच शतकाच्या अखेरीस थॉमस हॉल्कॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातील देशी पाभरीचे वर्णन केले, आणि हा आधुनिक युरोपाचा शोध असल्याचा आपला समज होता, अशी कबुलीही दिली. धरमपाल यांनी 1971 च्या आपल्या ग्रंथात हा मजकूर पुन्हा उजेडात आणला.

आता हीच तिफण ट्रॅक्टरमागे बांधली तर काय होते? बैल ताशी सुमारे अडीच किलोमीटर चालतात. ट्रॅक्टरचा वेग ताशी पाच किलोमीटर धरला आणि मुठीची गती तीच राहिली, तर तेवढ्याच अंतरात निम्मे बी पडेल. मूठ काळाच्या मापाने बी सोडते, आणि तो काळ बैलाच्या पावलांशी जुळलेला असतो. अमेरिकेतही ट्रॅक्टर आल्यावर घोड्यांच्या जुन्या पेरणीयंत्रांची लांब दांडी कापून ती ट्रॅक्टरला जोडण्यात आली. तेथे मात्र बियाण्याची तबकडी यंत्राच्या चाकावर फिरते. माप काळाचे नसून अंतराचे असते. वेग फार वाढला तर तबकडीची छिद्रे पुरती भरत नाहीत, पण मर्यादेत ते प्रमाण टिकते. घोडा सुटला तरी यंत्राचे माप यंत्रातच राहिले. तिफणीचे बैल सुटले, तेव्हा मापही सुटले.

विदर्भाच्या या अनुभवाशेजारी रायपूरचा परिसर ठेवला असता चित्र पालटते. छत्तीसगढच्या या धानाच्या मैदानात बी परंपरेने हाताने फेकून पेरतात. महिनाभराने बांधीत पाणी साचले की उभ्या रोपांतून हलका नांगर फिरवितात. या क्रियेस बियासी म्हणतात. तिने तण मोडते आणि दाट रोपे विरळ होतात. हे काम बैलांचे. ट्रॅक्टरची चाके उभे पीक चिरडून टाकतात. त्यामुळे बैल कमी होतात तशी बियासी अवघड होते आणि कोरड्या जमिनीत यंत्राने ओळीने पेरणी करणे सोयीचे ठरते. विदर्भात ओळ आधीच होती, ट्रॅक्टरने हात बाजूला केला. रायपूरकडे बहुतांशी ट्रॅक्टरबरोबरच ओळ आली आणि फेकणारा हात मागे पडला. यंत्र एकच, पण दोन भाषांतून त्याने नेलेली वस्तू वेगळी आहे.

अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. विठ्ठल वाघ यांची 'तिफन' ही वऱ्हाडी कविता 1981 च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातील गीतामुळे सर्वदूर पोहोचली. ती रायपूरच्या वाचकासाठी छत्तीसगढीत न्यावयाची झाल्यास अवजाराचे नाव कदाचित मिळेल. पण चाड्याशी बांधलेल्या मुठीसाठी तेथील वाचकाच्या स्मृतीत आहे ती मोकळी, बी उधळणारी मूठ. उलट, बियासीला मराठीत एका शब्दाचा पर्याय नाही. तेथे वर्णनच करावे लागते. सणांच्या बाबतीत हे अंतर कमी होते. मराठी पंचांगातील श्रावण अमावास्येचा पोळा तेथे त्याच दिवशी पोरा म्हणून होतो, आणि त्याआधीच्या अमावास्येला हरेलीत नांगर-कुदळींची पूजा होते. बैलाचा मान दोन्हीकडे सारखा आहे. हाताचे कसब मात्र निराळे.

कृषिजीवनाच्या साहित्याचा तौलनिक अभ्यास बहुधा प्रतिमांपासून सुरू होतो. त्याने अवजारापासून सुरुवात करणे इष्ट ठरेल. चाड्यावर धरलेली मूठ ही पूर्वी प्रतिमा नव्हती, ते मोजमाप होते. ते जाणणारे हात आहेत तोवर त्यांची परिभाषा नोंदविणे हे कोशकाराइतकेच साहित्याभ्यासकाचेही काम आहे. अन्यथा पुढील वाचकास हा वाक्प्रचार केवळ अलंकार वाटेल.