पिटुकल्या उकुलेलेवर सर्फची लाट

'पल्प फिक्शन' (१९९४) या चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावळीला कानावर आदळणारी ती सुसाट गिटार आठवते? चालीचं नाव 'मिसिरलू'. वाजवणारा डिक डेल, सर्फ गिटारचा, म्हणजे लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या संगीताचा, बादशहा. आणि या बादशहाच्या हातात गिटारच्या आधी काय आलं होतं माहीत आहे? सहा डॉलरचं उकुलेले!

'मिसिरलू' मुळात ग्रीस, तुर्कस्तान आणि अरबी मुलखात फिरलेली जुनी चाल. १९२७ मध्येच तिची ग्रीक तबकडी निघाली होती. डेलचे वडील लेबनानी वंशाचे, काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे. एका चाहत्यानं डेलला आव्हान दिलं, 'एकाच तारेवर गाणं वाजवून दाखव.' त्याला काकांची ही चाल आठवली. लय भन्नाट चढवून त्यानं ती वाजवली आणि १९६२ मध्ये तिची तबकडी काढली.

आता खरी मजा. डेलनं ही चाल वाजवली ती गिटारच्या सर्वांत जाड तारेवर, आणि ती तार 'ई' स्वराची. उकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए. म्हणजे इथेही एक 'ई' आहेच, बरोबर दोन सप्तकं वर! डेलची बोटं ज्या पडद्यांवर पळतात, त्याच पडद्यांवर उकुलेलेवाल्याचीही पळतात. घरात उकुलेले असेल तर आत्ताच घ्या. खुली ई तार, मग पहिला पडदा, चौथा, पाचवा, सातवा, आठवा, अकरावा, बारावा. खुल्या तारेला सा माना आणि गुणगुणा: सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, शुद्ध नी, वरचा सा. अहो, हा तर भैरवचा थाट! राग म्हणून भैरव नव्हे, पण स्वर अगदी तेच. पहाटेच्या रियाजातले स्वर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर धिंगाणा घालत होते, हे कळल्यापासून मला ती चाल ऐकताना दर वेळी नव्यानं आनंद होतो.

उकुलेलेच्या नायलॉनच्या तारेचा नाद मात्र चटकन विझतो. स्वर टिकवायचा तर नखानं तीच तार खाली-वर छेडत राहायचं, दा रा दा रा, थांबायचं नाही. डेलनं जे जोशासाठी केलं, ते उकुलेलेची गरजच आहे. म्हणून तर ही चाल या वाद्यावर इतकी शोभते.

आणि सर्फ गिटारचा तो ओला, घुमणारा आवाज? तो येतो अॅम्प्लिफायरमधल्या स्प्रिंगांमुळे. उकुलेलेकडे स्प्रिंग नाही, पण एक जबरदस्त युक्ती आहे. त्याची चौथी तार, म्हणजे जी, सहसा खर्जाची नसते. ती पहिलीपेक्षा, म्हणजे ए तारेपेक्षा, जेमतेम एक स्वर खाली असते. त्यामुळे शेजारशेजारचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाजवता येतात. आधीचा विझण्याआधी पुढचा उमटतो, आणि देवळात एकामागून एक घंटा वाजाव्यात तसे सूर एकमेकांत मिसळतात. या पद्धतीचं नाव 'कॅम्पानेला', इटालियनमध्ये छोटी घंटा. अमेरिकन वादक जॉन किंग यांनी याच युक्तीनं संगीतकार बाखची तिसरी पार्तिता उकुलेलेवर उतरवली. व्हायोलिनसाठी लिहिलेली रचना, या पिटुकल्या वाद्यावर! जरूर शोधून ऐका.

तसंच हवाईतल्या होनोलुलूच्या जेक शिमाबुकुरोनं उकुलेलेवर वाजवलेलं 'साकुरा'. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बसून वाजवलेल्या बीटल्सच्या गाण्यानं त्याला जगभर पोचवलं, पण माझं मन अडकलं ते या जपानी लोकधुनेत. ऐकताना १३ तारांच्या कोतोचा भास होतो. या धुनेत पाचच स्वर: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपल्या गुणकली रागाचेच!

उकुलेलेचं मूळ मात्र हवाईत नाही बरं का. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेवन्सक्रॅग' हे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात तीन सुतार होते: नुनेस, डायस आणि एस्पिरितो सांतो. मदेराच्या 'माशेती' या चिमुकल्या वाद्यावरून त्यांनी हवाईत वाद्यं घडवली. 'उकू' म्हणजे पिसू, 'लेले' म्हणजे उडी. तारांवर टुणटुण उड्या मारणारी बोटं पाहून हे नाव पडलं, असं सांगतात. राणी लिलिउओकलानी यांनी मात्र त्याचा अर्थ 'इथवर आलेली भेट' असा लावला होता. मला तोच आवडतो.

होनोलुलू ओआहू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एक लाट अशी वळते, की आत पोकळ नळी तयार होते. तिचं नाव पाइपलाइन. कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांच्या 'शांटेज' या बँडनं तिच्याच नावाची धून १९६३ मध्ये गाजवली. धुनेची सुरुवात म्हणजे तार छेडता छेडता बोट वरच्या पडद्यांवरून सर्रकन खाली घसरवायचं. उकुलेलेवर ती घसरण वीतभरच असते, पण हेडफोन लावून ऐका: लाट फुटते!