टाकीतलं प्रवाळ आजारी पडतं तेव्हा

‘हॅमर’ जातीचं प्रवाळ ठणठणीत असेल तर टाकीतले दिवे लागल्यावर थोड्याच वेळात फुलून येतं. ते दुपार उलटली तरी मिटूनच राहिलं, की मालकाचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. अमेरिकेत आणि युरोपात घरी प्रवाळ पाळण्याचा छंद चांगलाच रुजला आहे, त्यामुळे तिथे अशा बाटल्यांना तोटा नाही. (भारतात कायदा वेगळा आहे, त्याविषयी पुढे येईलच.) पण आजारी प्रवाळाला पहिल्या दिवशी औषध क्वचितच लागतं. आधी पाणी तपासावं लागतं.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक पॉलिप म्हणजे तोंडाभोवती शुंडकं असलेली छोटी पिशवी. तिच्या पेशींत एकपेशीय सूक्ष्मशैवाल राहतं आणि प्रकाशसंश्लेषणातून बनवलेलं अन्न आपल्या यजमानाला पुरवतं. त्या बळावर प्रवाळ चुनखडीचा सांगाडा रचतं. पाणी तापलं किंवा नवा प्रखर दिवा एकदम पूर्ण ताकदीने लावला, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच विरंजन.

पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलंच असतं असं नाही. भिंगातून पाहिलं तर सांगाड्यावर मांसाचा काचेसारखा पातळ थर दिसतो, आणि पुष्कळ जातींत दिवे मालवल्यावर बारीक शुंडकं बाहेर येतात. तेवढं दिसलं तरी आशा ठेवावी. प्रकाश कमी करावा, तापमान २५-२६ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवावं, अधूनमधून बारीक प्लवकांचं खाद्य द्यावं. रंग परतायला आठवडे लागतात, कधी महिनेही. सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढू लागलं असेल, तर मात्र तिथलं मांस गेलेलं आहे.

पाण्यात पहिली पाहायची ती क्षारता. समुद्रात ती लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असते. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची तूट खाऱ्या पाण्याने भरून काढली, तर क्षारता चढत जाते. तूट गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्यानेच भरायची. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आणि तांबं प्रवाळाला घातक असतं. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, ती प्रवाळाच्या टाकीत कधीच घालू नयेत.

त्यानंतर आल्कलिनिटी. सांगाडा बांधायला लागणारा कार्बोनेटचा साठा या आकड्यावरून कळतो. नैसर्गिक समुद्रात तो सुमारे ७ डीकेएच असतो, टाकीत बहुतेक जण ८-९ राखतात. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,३००च्या आसपास. आल्कलिनिटीचा आकडा थोडा कमी असला तरी प्रवाळ निभावून नेतं. तो आज ७ आणि उद्या ११ झाला, तर मात्र फांद्यांची टोकं जळतात. म्हणून दुरुस्ती करायची तीही दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त नको. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याची जुनी धडपडही सोडून द्यावी. दोन्ही अगदीच संपली, तर आतलं शैवाल उपाशी पडतं.

इथवर सारा धीराचा मामला आहे. पण काही आजारांत धीर धरला, तर प्रवाळ हातचं जातं.

हॅमर, टॉर्च या जातींना ‘ब्राऊन जेली’ होते. एखाद्या तोंडावर तपकिरी, बुळबुळीत गोळा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात असंख्य एकपेशीय जीव वळवळताना दिसतात आणि बाहेर काढल्यावर त्याला कुजका वास येतो. हा गोळा सुटून शेजारच्या प्रवाळावर बसला की तेही धोक्यात येतं. म्हणून आधी प्रवाह निर्माण करणारे पंप बंद करावेत. प्रवाळ टाकीच्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात उचलून घ्यावं आणि जेली पिचकारीने ओढून काढावी. मग बाधित तोंड सांगाड्यासकट कापून टाकावं, उरलेला भाग आयोडीनच्या सौम्य द्रावणात काही मिनिटं बुडवून वेगळ्या टाकीत ठेवावा. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाचं मांस बुडापासून सोलत वर निघालं असेल, तर निरोगी टोकं सोललेल्या भागाच्या बरीच वर कापून नव्या बैठकीवर सुपरग्लूने चिकटवावीत. मूळ झाड गेलं, तरी त्या दोन-चार काड्यांतून ते पुन्हा उभं राहू शकतं.

अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची गोष्ट वेगळी. औषधी पाण्यात बुडवल्यावर कृमी सुटून पडतात, पण अंडी चिकटूनच राहतात. ती खरवडावी लागतात, आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. नवं प्रवाळ आधी वेगळं ठेवलं, तर हा सारा व्याप वाचतो.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. झोअँथिड जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते असलेले दगड कधीही उकळू नयेत. वाफ फुप्फुसांत गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात पोहोचली आहेत. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

कापून वाढवण्याच्या या कौशल्याची समुद्रालाही गरज पडली आहे. फ्लोरिडात मोट मरीन लॅबोरेटरीच्या डेव्हिड व्हॉन यांना अपघाताने तुटलेल्या प्रवाळाचे इवलेसे तुकडे झपाट्याने वाढताना दिसले, आणि त्यातून प्रवाळं वाढवण्याची नवी पद्धत निघाली. २०२३च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापलं, की समुद्रातल्या रोपवाटिकांमधली हजारो प्रवाळं जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवावी लागली.

आता आपला कायदा. २००१पासून सर्व कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्री पंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. वाघाला आहे तेच. समुद्रातून काढलेलं असं प्रवाळ बाळगणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. तेव्हा परदेशात टाकी सांभाळत असाल, तर शेतीतून वाढवलेलंच प्रवाळ घ्या. इथे कुणी जिवंत किंवा वाळवलेलं विकायला आणलं, तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. तिथे स्नॉर्केलिंगला उतराल तेव्हा त्यावर पाय टेकवू नका, आणि किनाऱ्यावर सापडलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून घरी आणू नका.