जळालेलं टीव्ही केंद्र आणि नंतरच्या मालिका

"बाई, बोराला पोलीस का पकडतात? तिने चोरी तर केली नाही." नववीतल्या एका मुलीने मला मधल्या सुट्टीत विचारलं. 'रिप्लाय 1988' ही कोरियन मालिका आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलींनी मोबाइलवर पाहिली आहे. मी इतिहास शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. दोन वाक्यांत उत्तर देता येईना, तेव्हा मी मालिका आणि पुस्तकं दोन्ही घेऊन बसले.

बोरा ही तळघरात भाड्याने राहणाऱ्या बँक कर्मचाऱ्याची थोरली मुलगी. हुशार, तापट, सोल राष्ट्रीय विद्यापीठात शिकणारी. ती विद्यार्थ्यांच्या सरकारविरोधी मोर्च्यांना जाते हे कळल्यावर वडील तिला घरात कोंडतात, तरी ती निसटते. शेवटी पोलीस तिला गाठतात तेव्हा बाहेर पाऊस पडत असतो. आई धावत येते आणि माझी पोर किती गुणाची आहे हे त्या पोलिसांना सांगत राहते. पोलिसांपुढे मान न तुकवणारी बोरा आईच्या पायाच्या बोटातून वाहणारं रक्त पाहते आणि तिथे तिचा हट्ट संपतो. घोषणा, लाठ्या हे सगळं या मालिकेत दुरून येतं. आंदोलन दिसतं ते घरातून. त्या काळातल्या कित्येक आईबापांनी ते तसंच पाहिलं असणार.

विद्यार्थीच का, हे मात्र मालिका सांगत नाही. कोरियात त्याला जुनी परंपरा आहे. 1960 च्या मार्चमध्ये अध्यक्ष सिंगमन री यांनी निवडणुकीत उघड घोटाळा केला. मासान शहरातल्या निदर्शनांत बेपत्ता झालेल्या किम जू-योल या मुलाचं प्रेत 11 एप्रिलला बंदरात तरंगताना सापडलं. डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं घुसलेलं होतं. 19 एप्रिलला सोलमधले विद्यार्थी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, आणि आठवड्याभरात री यांना पायउतार व्हावं लागलं. पोरं सरकार पाडू शकतात हे त्या देशाने तेव्हा पाहिलं. पुढच्या प्रत्येक हुकूमशहानेही ते लक्षात ठेवलं.

आता ग्वांगजू शहराकडे येते, कारण सगळ्या वाटा तिथेच जातात. 1979 च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष पार्क चुंग-ही यांना त्यांच्याच गुप्तहेर प्रमुखाने गोळी घातली. डिसेंबरमध्ये जनरल चुन डू-ह्वान यांनी लष्कर ताब्यात घेतलं आणि 17 मे 1980 ला लष्करी कायदा देशभर लागू करून विद्यापीठं बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वांगजूतल्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठाच्या फाटकावर विद्यार्थ्यांची सैनिकांशी गाठ पडली. छत्रीधारी सैनिकांनी मुलांना, नंतर येणाऱ्याजाणाऱ्यांनाही दंडुक्यांनी झोडपलं. 20 तारखेच्या संध्याकाळी टॅक्सीवाले आणि बसवाले गाड्यांचे दिवे लावून रांगेने सैन्यासमोर चालून गेले. त्या रात्री लोकांनी एमबीसीचं स्थानिक टीव्ही केंद्र पेटवलं, पाठोपाठ केबीएसचंही. शहरात माणसं मरत होती आणि टीव्हीवर त्याचा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रांतिक कचेरीसमोर गोळीबार झाला, मग सैन्य मागे सरलं आणि 27 मेच्या पहाटे रणगाडे घेऊन परतलं. सरकारी नोंदीनुसारच दीडशेहून अधिक नागरिक मेले. पुढे कित्येक वर्षं हा कम्युनिस्टांनी चिथावलेला दंगा होता असंच लोकांना सांगितलं गेलं.

टीव्ही मालिकांनी हे मौन मोडलं ते 1995 च्या जानेवारीत, 'सँडग्लास' या मालिकेत. सोंग जी-ना यांचं लेखन, किम जोंग-हाक यांचं दिग्दर्शन. सोमवार ते गुरुवार रोज एक भाग, एकूण 24. ग्वांगजूच्या भागांत त्या दिवसांचं खरं चित्रणही वापरलं होतं. प्रेक्षकसंख्या 64 टक्क्यांच्या वर गेली आणि मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत. ती दाखवणारी एसबीएस वाहिनी तेव्हा सोल परिसरापुरतीच दिसायची, म्हणून बाकीच्यांनी व्हिडिओ कॅसेटवर पाहिली. त्याच वर्षअखेरीस चुन आणि त्यांचे साथीदार रोह ते-वू यांना अटक झाली. मालिकेमुळे अटक झाली असं मी म्हणणार नाही. पण कित्येक वर्षं दाबलेलं दिवाणखान्यात बोललं गेलं, याचं मोल मला फार वाटतं.

ज्या केबीएसचं केंद्र लोकांनी जाळलं, त्याच केबीएसने 2021 मध्ये 'यूथ ऑफ मे' काढली. एक परिचारिका, एक वैद्यकीय विद्यार्थी आणि ग्वांगजूचा तो मे महिना. विद्यार्थ्याचा बापच लष्करी यंत्रणेतला. ज्यांना ग्वांगजूबद्दल काहीच ठाऊक नाही, त्यांनी सुरुवात इथून करावी.

त्याच वर्षी 'स्नोड्रॉप' या मालिकेवर वादळ उठलं. कथा 1987 ची. उत्तर कोरियाचा एक हेर जखमी होऊन मुलींच्या वसतिगृहात शिरतो आणि मुली त्याला आंदोलक समजून लपवतात. आपल्याला ही साधी प्रेमकथा वाटते. पण त्याच 1987 च्या जानेवारीत पार्क जोंग-चोल हा भाषाशास्त्राचा विद्यार्थी सोलच्या नाम्योंग-दोंग इथल्या पोलीस इमारतीत पाण्याच्या छळाने मेला होता. टेबलावर हात आपटला आणि तो मेला, असं पोलिसांनी सांगितलं. जूनमध्ये ली हान-योल या योनसे विद्यापीठाच्या मुलाच्या डोक्यात अश्रुधुराचं नळकांडं बसलं आणि 5 जुलैला तो गेला. या दोन घटनांनी देश पेटला आणि अध्यक्षाची थेट निवडणूक मिळाली. अशा कित्येक मुलांना 'उत्तरेचे हेर' ठरवूनच छळलं गेलं होतं, आणि इथे नायक खरोखरच हेर! तीन लाखांहून जास्त लोकांनी मालिका बंद करा म्हणून अध्यक्षीय कार्यालयाकडे सह्या केल्या, जाहिरातदार मागे हटले. न्यायालयाने मात्र प्रक्षेपण थांबवायला नकार दिला. मला न्यायालयाचा निर्णय पटतो, आणि सह्या करणाऱ्यांचा संतापही.

हे सगळं फक्त मालिकांपुरतं उरलं नाही. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री तेव्हाचे अध्यक्ष युन सोक-योल यांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला. लोक त्याच रात्री संसदेसमोर जमले, खासदार भिंती चढून आत गेले आणि हजर असलेल्या 190 जणांनी, एकही मत विरोधात न जाता, तो रद्द करण्याचा ठराव केला. या वेळी सगळं थेट प्रक्षेपणात दिसत होतं. पुढच्या आठवड्यांतल्या निदर्शनांत पॉप गायकांच्या मैफलीत नाचवायचे रंगीत दिवे हातात घेतलेल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांतल्या बहुतेकींचा जन्म 'सँडग्लास'नंतरचा. लष्करी कायदा म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.