बाटलीला परवाना, हातांना नाही

विरार पूर्वेला फुलपाड्यातल्या एखाद्या घरी बाळ-बाळंतिणीला मालीश करायला मावशी आल्या, की बला तेलाची बाटली हातात घेऊन बघा. लेबलवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, तेल तयार झाल्याची तारीख, कारखान्याचा पत्ता, सगळं छापलेलं असतं. हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचा पहारा. आता मावशींचे हात बघा. बाळंतिणीच्या कंबरेवर किती जोर द्यायचा, बाळाची टाळू किती हलक्या बोटांनी भरायची, हे सगळं त्या हातांवर सोपवलेलं. त्यांना मात्र महाराष्ट्रात कोणताही परवाना लागत नाही!

खरी गंमत पुढेच आहे. तीच कंबर फिजिओथेरपिस्टने दाबली, तर कायदा लगेच जागा होतो. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००२ च्या कायद्याने परिषद नेमली, २०२१ मध्ये देशपातळीवरचा कायदाही आला. पंचकर्म सांगणाऱ्या वैद्यांनाही नोंदणी चुकत नाही. स्पा उघडला, की दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा पुढे येतो. पण तो कामाचे तास आणि रजा विचारतो, मालीश येते का हे विचारत नाही.

जपानमध्ये याच्या अगदी उलट. तिथे १९४७ पासून मालीशीसाठी स्वतंत्र कायदा आहे. किमान तीन वर्षांचं शिक्षण घ्यायचं, राष्ट्रीय परीक्षा द्यायची आणि मगच लोकांच्या अंगाला हात लावायचा. दक्षिण कोरियात तर हा परवाना फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो. २००६ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने हे आरक्षण रद्द केलं, तेव्हा दृष्टिहीन मालीशवाले रस्त्यावर उतरले. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून हे आरक्षण परत आणलं आणि २००८ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरलं.

आपल्याकडे ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं स्पा थेरपिस्टचं प्रमाणपत्र मिळतं. अनुभवातून शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांनाही प्रमाणपत्र द्यायची सोय कौशल्य योजनेत आहे. पण हे प्रमाणपत्र म्हणजे कौशल्याचा दाखला. ते नसलं म्हणून काम अडत नाही.

थोडक्यात, आपला कायदा हात कसे चालतात हे बघत नाही, त्या हातांच्या नावावर काय दावा केला जातो हे बघतो. ‘अंग मोकळं करून देते’ म्हणणाऱ्या मावशींची पारख आजूबाजूच्या चार बाळंतिणींनी केलेली असते, ती पुरते. पण कोणी ‘मणक्याचा आजार बरा करतो’ म्हणालं, तर पाठ टेकण्याआधी नोंदणी क्रमांक मागायचा.