पाण्याचे आरोग्य, माणसांचे आरोग्य

रुग्णालयाच्या जमाखर्चात औषधे, उपकरणे, वेतन व वीज यांच्या नोंदी असतात. नदीची व विहिरीची नोंद मात्र कोठेही नसते. तथापि अतिसार, कावीळ, विषमज्वर व डेंग्यू यांवर होणाऱ्या खर्चाचे मूळ बहुधा पाण्याशीच निगडित असते. म्हणून सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. निरोगी नदी स्वतःला सतत शुद्ध करीत असते. वाहत्या पाण्यात हवेतील प्राणवायू मिसळतो व त्याच्या आधारे सूक्ष्म जीव घाणीचे विघटन करतात. काठचे गवत व झाडे शेतातून येणारा गाळ व खतांचा अंश अडवितात. पात्रातील वाळू पाणी गाळते, धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना सावकाश पुरविते. मासे डासांच्या अळ्या खातात. ही सेवा विनामूल्य असते. प्रमाणाबाहेर सांडपाणी सोडले, वाळू उपसली, काठ उघडे पडले की ती खंडित होते आणि तिचा भार कुटुंबांवर व रुग्णालयांवर येतो.

पाणी आटले तरी धोका टळत नाही. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जालना जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांची भिस्त टँकरवर होती. अशा वेळी घरोघरी पिंपे व रांजण भरून ठेवावे लागतात आणि उघड्या साठ्यातच डेंग्यू पसरविणारा एडिस डास वाढतो. जिवंत नदी व भरलेल्या विहिरी असतील, तर एवढे साठविण्याची वेळच येत नाही.

पाण्याची निगा राखल्यास रोग हटतो, याचा दाखला नारूच्या रूपाने आपल्यापुढे आहे. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जात, सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवात वाढत आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्यास नारू होई. यावर लस नव्हती, रामबाण औषधही नव्हते. पाणी गाळणे, अशा विहिरी बंदिस्त करणे व हातपंप बसविणे या साध्या उपायांनी महाराष्ट्रासह सर्व बाधित राज्यांतून हा रोग हटला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

निर्मळ दिसणारे पाणीही शुद्ध करूनच प्यावे. शोषखड्डे विहिरीपासून दूर असावेत, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा आणि ओढ्याकाठची झाडे राखावीत, अशी आमची नम्र विनंती आहे. आपल्या देणगीतून आम्ही आजारी बालकावर उपचार करू शकतो. ते बालक पुन्हा त्याच कारणाने दाखल होऊ नये, हे मात्र गावाच्या पाण्यावर अवलंबून आहे.