पावले मोजल्याने चालणे वाढते काय?

मनगटावर बांधलेले लहानसे यंत्र दिवसभरातली पावले मोजते, रात्री त्यांचा हिशेब देते आणि ठरलेला आकडा गाठला की शाबासकीही देते. हे आता कोणाला नवलाचे वाटत नाही. मुले वडिलांच्या वाढदिवसाला असे घड्याळ भेट देतात. डॉक्टरांनी 'रोज चालत जा' म्हटले की कित्येक लोक चालण्याच्या आधी घड्याळ विकत घेतात. म्हणून एक साधा प्रश्न विचारणे आम्हांला अगत्याचे वाटते. हे यंत्र बांधल्याने मनुष्य खरोखरच अधिक चालू लागतो काय? प्रश्न केवळ हौसेचा नाही. पन्नाशी उलटलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह जडलेल्या माणसाचे आरोग्य पुष्कळदा या चालण्यावरच अवलंबून असते.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. जुन्या पेडोमीटरमध्ये स्प्रिंगला टांगलेली एक तरफ असे. पाऊल पडले की ती हले आणि आकडा एकाने पुढे सरके. आजच्या घड्याळात हालचालीची गती ओळखणारा सूक्ष्म संवेदक असतो. हाताच्या झोक्यावरून तो पावले ताडतो. त्यामुळे हातगाडी ढकलीत जाणाऱ्याची काही पावले हिशेबात येत नाहीत आणि बसल्या जागी हात हलविणाऱ्याची काही फुकट जमा होतात. हा हिशेब वाण्याच्या वहीसारखा काटेकोर नसतो. पण कालच्यापेक्षा आज अधिक चाललो की कमी, एवढे सांगण्यापुरता तो पुरेसा असतो.

या यंत्रांबरोबर रोज १०,००० पावलांचा दंडक प्रसिद्धीस आला, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले आणि जपानात व्यायामाविषयी उत्साह संचारला. पुढल्याच वर्षी, १९६५ साली, यामासा कंपनीने कमरेला अडकविण्याचे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावले मोजणारे. नाव सुटसुटीत होते, आकडा गोल होता, तो जगभर पसरला. मात्र तो काही वैद्यकशास्त्राने आखलेली सीमारेषा नव्हे. अमेरिकेतील १६,७४१ वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हे ध्यानात ठेवूनच असे आकडे वाचले पाहिजेत. तरी तात्पर्य स्पष्ट आहे. तीन हजार पावले चालणाऱ्याने दहा हजारांच्या धाकाने हातपाय गाळण्याचे कारण नाही. त्याने साडेचार हजार गाठले तरी ती मोठी कमाई आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी २६ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत २,७६७ माणसे होती. काटेकोर प्रयोगांत पेडोमीटर लावणारे लोक, न लावणाऱ्यांच्या तुलनेत, रोज सुमारे २,५०० पावले अधिक चालू लागले होते. पाऊण मीटरच्या आतबाहेर पाऊल धरले तर हे अंतर पावणेदोन किलोमीटरच्या घरात जाते. यातली मर्माची गोष्ट अशी की, ज्यांनी रोजचे काही उद्दिष्ट ठरविले होते त्यांचेच चालणे वाढले. २०२२ सालच्या एका विस्तृत आढाव्यातही रोज सुमारे १,८०० पावलांची वाढ दिसली. वजन मात्र किलोभरच घटले.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग वाद कसला? वाद आहे तो टिकण्याचा. सिंगापुरात ८०० नोकरदारांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. काहींना नुसते यंत्र दिले. काहींना यंत्राबरोबर चालण्याबद्दल रोख बक्षीसही दिले. सहा महिने बक्षीस चालू होते तोवर त्या गटाचे चालणे वाढले. बक्षीस थांबले आणि ती वाढही ओसरली. वर्षअखेर यंत्र वापरणारे दहांत एकच उरले होते, आणि वजनात वा रक्तदाबात सुधारणा आढळली नाही. त्याच वर्षी पिट्सबर्ग येथील प्रयोगाची हकीकत बाहेर आली. वजन जास्त असलेल्या ४७१ तरुण स्त्री-पुरुषांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दिले होते. पैकी निम्म्यांना सहा महिन्यांनंतर यंत्र मिळाले. दोन वर्षांनी पाहतात तो यंत्रवाल्यांचे वजन सरासरी ३.५ किलोंनी उतरले होते, आणि यंत्राविना राहिलेल्यांचे ५.९ किलोंनी!

असे का व्हावे? आपण दिवसभरात किती हिंडलो याविषयी माणसाची स्मृती फार उदार असते. 'दिवसभर पायाला उसंत नाही' असे म्हणणाऱ्याची पावले कधी कधी तीन हजारही भरत नाहीत. यंत्र हा भ्रम दूर करते. त्याचा खरा उपयोग हाच. पण भ्रम दूर होणे निराळे आणि सवय लागणे निराळे. शिवाय मोजणीला एक दुसरी बाजू आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या एका संशोधिकेने २०१६ साली असे दाखविले की, आवडीने केलेल्या गोष्टीची मोजणी सुरू झाली की ती अधिक केली जाते खरी, पण तिच्यातला आनंद उणावतो आणि ती कामासारखी वाटू लागते. जपमाळेचे मणी मोजण्यातच लक्ष गुंतले तर नामाकडे दुर्लक्ष होते, तसाच हा प्रकार.

मग उपाय काय? लंडनमध्ये ४५ ते ७५ वयाच्या हजारावर लोकांवर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांना साधे पेडोमीटर, एक दैनंदिनी आणि बारा आठवड्यांचा कार्यक्रम दिला. सर्वांसाठी एकच आकडा ठेवला नव्हता; ज्याची जी मूळची पावले, त्यांत हळूहळू भर घालावयाची होती. काहींना परिचारिका भेटत असे, काहींना सारे टपालाने धाडले होते. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच पुढे होते, आणि तीन वर्षांनंतरही त्यांची रोजची पावले इतरांहून सुमारे ६०० ने अधिक होती. वाढ लहान, पण टिकलेली.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. यंत्र घ्यावयाचे असेल तर पहिला आठवडा काहीही न बदलता नुसते बांधावे आणि आपला खरा आकडा पाहावा. मग त्यात हजार पावलांची भर घालावी. ती अंगवळणी पडली की आणखी हजार. ही भर एखाद्या ठरलेल्या कामाशी जोडावी: भाजी आणणे, नातवाला शाळेत सोडणे, एक थांबा आधी उतरून घरी येणे. सोबतीला कोणी असेल तर फारच उत्तम, कारण यंत्राच्या हाकेकडे काणाडोळा करता येतो. दारात येऊन उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याकडे तसा करता येत नाही. हृदयाचा वा सांध्यांचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच भर घालावी. आणि चार-सहा महिन्यांनी घड्याळ खणात पडून राहिले तर त्याची खंत करू नये. त्या संध्याकाळीही आपण नेहमीच्या वेळी चपला घालून बाहेर पडलो, तर यंत्राचे काम झाले असे समजावे.