बंद गाडीला पाच मिनिटांची किक नको

थंड देशांत बर्फ पडण्याआधी मोटरसायकली झाकून ठेवतात. चेंबूरकरांवर ती वेळ येत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेतली आजवरची सर्वांत कडाक्याची थंडी म्हणजे २२ जानेवारी १९६२ची, आणि तेव्हाही पारा ७.४ अंशांवरच थांबला होता. तरीही इथल्या सोसायट्यांमध्ये गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला गेलेलं असतं, कुणी पावसाळाभर बुलेट बाहेरच काढत नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर जवळजवळ सगळ्यांच्याच गाड्या थांबल्या.

इथला शत्रू थंडी नव्हे, ओल. पूर्वेला ठाण्याची खाडी, त्यामुळे हवा खारट. वर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस. सहा महिने दमट हवेत उभी राहिलेली चेन पाहावी. कड्या आखडलेल्या आणि चाक फिरवलं की करकर आवाज.

यावर घरोघरी एकच तोड काढली जाते. शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे किल्ली द्यायची आणि ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवा’ म्हणून सांगायचं. हेतू चांगला असला तरी फायद्यापेक्षा तोटाच जास्त. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पंधरा-वीस किलोमीटर गाडी पळाली तर इंजिन आणि सायलेन्सर नीट तापून ही वाफ बाहेर पडते. जागेवर पाच मिनिटं गुरगुरून बंद केलेल्या गाडीत ती आतच थिजते. थोडं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि सायलेन्सर आतून गंजायला लागतो. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं त्या पाच मिनिटांत परत भरत नाही. फेरी मारणारं कुणी नसेल तर गाडी बंदच राहू द्यावी.

बंद ठेवायची म्हणजे आधी धुऊन पूर्ण वाळवायची. चेन रॉकेलने साफ करून तिला वंगण लावायचं. ऑइल जुनं असेल तर ते आत्ताच बदलायचं, परतल्यावर नव्हे, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल साठलेली असते.

पेट्रोलचा मामला जरा नाजूक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारं पेट्रोल तळातूनच उचललं जातं. पत्र्याची टाकी भरून ठेवली की आत दमट हवेला जागा उरत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरत नाही.

बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवलेली बरी. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४च्या खाली गेली की चार्ज करावी.

गाडी मेन स्टँडवर घ्यावी आणि टायरमध्ये हवा पुरेशी भरावी. वर प्लास्टिकचा कागद मात्र घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो. हवा खेळेल असं कापडी कव्हर चांगलं. सायलेन्सरच्या तोंडात फडका कोंबावा, नाहीतर कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधून मोकळी होते. फडक्याचं टोक मात्र लोंबतं ठेवावं, म्हणजे परतल्यावर तो काढायचा राहणार नाही. उंदरांना सीटखालची जागा फार आवडते, वायरी तर त्याहून जास्त.

जागा निवडताना उतार पाहावा. पोस्टल कॉलनीसारख्या सखल भागात पाणी तुंबतं, हे चेंबूरकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला होता. इंजिनापर्यंत पाणी चढलेली गाडी सुरू करून पाहू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ती ढकलतच मेकॅनिककडे न्यावी.

आणि विम्याचा कागद काढून बघावा. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळतो, पण पुराची भरपाई त्यातून होत नाही. ती मिळते स्वतःच्या नुकसानीच्या पॉलिसीतून, आणि ती बहुतेकांची दरवर्षी संपते.